न टेकवलेला दोरा

— नाही, असा लोंबकळत नको, या उशीवर ठेवा. पूर्ण भार टाका, उशीला काही होत नाही. हां. आणि मागे टेकून बसा हो भाऊ, मुलाखतीला आल्यासारखे काय बसलाय? खुर्चीच्या कडेवर बसलेला माणूस दिसला की मला वाटतं, हा आता पळणार. पळू नका. पळायलाच तर तुम्हाला बंदी आहे. — हसलात, बरं झालं, आल्यापासून पहिल्यांदा. किती वाजले? सव्वादहा. मोठे डॉक्टर अकराला येतात, आणि अकरा म्हणजे अकरा — आधी त्यांच्या बुटांचा आवाज येतो, मग ते येतात. म्हणजे आपल्या हातात पाऊण तास आहे. ड्रेसिंग सोडते, जखम मोजते, कागदावर आकडा लिहिते, आणि तो आकडा बघून ते ठरवतील. काय ठरवतील ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, उगाच घोळवत बसण्यात अर्थ नाही. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली असेल तर चालू आहे तेच पुढे चालू. नसेल तर अंगठा काढायचा, आणि अंगठ्यामागचं हाड खराब निघालं तर पुढचं अर्धं पाऊल. घाबरवत नाहीये मी. गेल्या वेळी त्यांनी सांगितलंच होतं तुम्हाला, पण तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या त्या हाडांच्या तक्त्याकडे बघत होतात.

बरं, पट्टी सोडता सोडता विचारते, कागदावर लिहावं लागतं — महिनाभर घरीच होतात ना? हो. दुकान बंद? बंद. जखमेवर भार पडू नये म्हणून तो मोठा बूट दिलाय, गुडघ्यापर्यंतचा, तो दिवसभर पायात? हो. संडासला जातानासुद्धा? तेव्हाही हो. वा. फिजिओथेरपीच्या माझ्या सबंध नोकरीत असा गुणी पेशंट पाहिला नाही मी. — नाही, टोमणा नाही मारत. म्हणजे मारतेय थोडा. अहो, तुमच्या दुकानात तुम्ही बोलता आणि गिऱ्हाईक गप्प, मान खाली घालून बसलेलं, बरोबर? वस्तरा तुमच्या हातात. इथे उलटं आहे. इथे मी बोलते आणि तुम्ही गप्प बसायचं. पण विचारलं की खरं सांगायचं, एवढी एकच अट. आता ही शेवटची पट्टी — ओली करते, नाहीतर कातडी ओढली जाईल. दुखतंय? नाही ना. तेच तर सगळं दुखणं आहे. दुखलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी आला असतात. साखर एवढंच करते हो, पायातली घंटा काढून घेते. घरात चोर शिरतो आणि घंटा वाजतच नाही.

हं. — काही नाही, बघतेय. वास नाही, पू नाही, लाली नाही, हे चांगलं. घोट्यामागे नाडी लागतेय, चांगली टणटणीत, म्हणजे रक्त पोचतंय, हे तर फारच चांगलं. हा पाय बरा व्हायला तयार आहे, भाऊ. त्याची काही तक्रार नाही. आता हा पारदर्शक कागद ठेवते, वरून पेनाने कडा आखते, हलू नका — आणि आतले चौकोन मोजते. गेल्या महिन्यात चोवीस होते. बारा झाले की मी जिंकले, तुम्ही जिंकलात, सगळेच जिंकले. नऊ, दहा, अकरा... बोलू नका मध्ये. सतरा, अठरा...

तेवीस.

पुन्हा मोजते. चूक होऊ शकते, चष्मा जुना आहे. — तेवीस. जखम भरावी म्हणून बारा वेळा हलका करंट दिला, भाऊ. आठवड्यातून तीनदा, जखमेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या लावून, दर वेळी पाऊण तास. तुमचा घोटा वाकत नव्हता म्हणून सगळं वजन पुढे चवड्यावर पडत होतं, तर तो घोटा मी दर वेळी थोडा थोडा मोकळा केला, तुम्ही ओरडलात तरी केला. आणि चोवीसाचे तेवीस! एक चौकोन. एवढा तर पेनाच्या रेघेत जातो. आणि कडेला हा काय आलाय, बघा, वाकून बघा — हा पांढरा, जाड थर? घट्टा आहे हा. महिनाभरापूर्वी मी स्वतः तासून काढला होता. घट्टा बसून येत नाही हो. झोपून येत नाही. घट्टा उभ्या माणसालाच येतो.

थांबा. हे काय आहे? चिमटा द्या तो, तुमच्या हाताशी आहे तो. हे बघा. ड्रेसिंगच्या आतल्या थराला चिकटलंय. केस. पांढरा, नखाएवढा, दोन्हीकडून सरळ कापलेला. तुमचा? भाऊ, तुमच्या डोक्यावर उगवायचं कधीच बंद झालंय, आणि मिशी काळी कुळकुळीत आहे, कशाने ते मी विचारत नाही. मग हा कुणाचा? — नाही, बायकोचा नाही. बायकांचे केस लांब असतात, हा दाढीचा आहे, कात्रीखालून पडलेला. परवा मी स्वतः हे ड्रेसिंग बांधलं, तेव्हा आत केस नव्हता. म्हणजे काल. काल कुणीतरी पांढऱ्या दाढीचं गिऱ्हाईक तुमच्या खुर्चीवर बसलं होतं, आणि तुमच्या पायात बूट नव्हता. चप्पल होती.

बोलू नका आत्ता, मला आधी रागावू द्या. मी रागावले की भरभर बोलते, आणि मग निवते. — तो बूट दाखवा. तळ बघा याचा. महिनाभर दिवसभर वापरलेला बूट! आमच्या कपाटातल्या नव्या बुटाचा तळ यापेक्षा मळका असेल. मी पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं हे. बघितलं आणि गप्प बसले. म्हटलं, जमीन स्वच्छ असेल यांची घरची. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो, बघा. आणि तुमची खुर्ची मला माहीत आहे ना! आमच्या यांची दाढी करायला तुम्ही एकदा घरी आला होतात, सहा वर्षं झाली त्याला, आठवत नसेल तुम्हाला. मी दारात उभी राहून बघत होते. तुम्ही माणसाभोवती चालत नाही, फिरता — उजव्या पायाच्या अंगठ्याखाली टेकू घ्यायचा आणि सगळं अंग गरकन वळवायचं, डावीकडून उजवीकडे. नाचतात जसं. म्हणून जखम बरोबर तिथेच आहे. मी इथे पाऊण तास करंट देऊन ती जागी करायची, आणि तुम्ही चार तास तिच्यावर गिरक्या घेऊन तिला मारायची. कोण जिंकणार?

— एकच तास? रोज? दोन. बरं, दोन. सकाळी. शटर अर्धं उघडून. काय गंमत आहे बघा, अर्धं शटर उघडलं तरी पाय पूर्णच उभा राहतो. — समोर काचेचं नवं सलून आलंय, माहितीये मला. गिऱ्हाईक एकदा तिकडे गेलं की परत येत नाही. तेही कळतं मला. तीस वर्षं ज्यांच्या माना तुमच्यापुढे वाकल्या ती माणसं दुसऱ्यापुढे मान वाकवणार, हे नाही बघवत, खरं आहे. मी काही दगड नाही. पण अर्धं पाऊल घेऊन गिरकी कशी घ्याल?

इकडे बघा, डोळे पुसा, आणि आता मिटून घ्या. जखमेवर नाही टेकवत, बाजूच्या चांगल्या कातडीवर. नायलॉनचा दोरा आहे, माहीत आहे तुम्हाला, मागेही केलंय आपण. कातडीला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, सोडायचा. लागलं की 'हो' म्हणायचं. डोळे मिटलेत? — 'हो'. बरं. — 'हो'. — 'हो'. — 'हो'. — 'हो'.

उघडा डोळे. माझा हात कुठे आहे? टेबलावर. दोरा कुठे आहे? डबीत. झाकण लावलेल्या डबीत, भाऊ. पहिल्या दोन वेळा टेकवला होता, पुढचे तीन 'हो' तुम्ही हवेला दिलेत. — अहो, लाज कसली? कुणी पकडलं म्हणून लाज? मी नाही रागावले. बघा, आवाजही चढला नाही. द्या इकडे पाय, झाकून ठेवते, माश्या नकोत बसायला. तुम्ही असं का केलंत ते मला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून. एवढी राबते बाई, तिला 'हो' म्हणावं. बरोबर ना? ओळखते मी हा 'हो'. माझ्या घरात राहतो तो.

आमचे हे टायपिंग शिकवायचे. तुम्ही दाढी केलीत त्यांची, पण बोलला नसाल, तेव्हा ते कुणाशीच बोलत नव्हते. मुलांच्या मागे उभे राहून टेबलावर टिचक्या मारायचे, त्या तालावर मुलं बोटं चालवायची. ताल म्हणजे त्यांच्या कानात बसलेला. साखर निघाली तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला काय काळजी, बायकोच पायांची डॉक्टर! दर रविवारी सकाळी चहा झाला की मी डबी घेऊन बसायची, ते डोळे मिटायचे. दहा जागा. अंगठा, मधलं बोट, करंगळी, चवडा तीन ठिकाणी — एकाच क्रमाने, एकाच अंतराने. इथे मी असं कधीच करत नाही, हं. इथे मी उलटसुलट करते, मध्येच थांबते, न टेकवता विचारते. पेशंटला फसवून बघायचं हा पहिला धडा आहे आमचा. पण घरच्या माणसाला कोण फसवतं? तर दहाच्या दहा वेळा 'हो'. वहीत लिहायचं — दहापैकी दहा. दोन वर्षं. मी ती वही शेजारच्या बायकांना दाखवायची, बघा म्हणून, काळजी घेतली की कसा पाय राहतो.

एका रविवारी दूध ठेवलेलं विसरले. चार जागा झाल्या होत्या, पाचवी करायची, तेवढ्यात जळका वास आला. मी आवाज न करता उठले — त्यांचे डोळे मिटलेले, म्हटलं मोडू नये — स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, फडकं शोधत होते. आणि बाहेरून आवाज येतोय. 'हो.' मग थोडा वेळ. 'हो.' मग थोडा वेळ. 'हो.' बरोबर माझ्या अंतराने. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मोजले, दहा पुरे होईपर्यंत. दूध खाली टपकत होतं.

विचारलं मी. म्हणाले, अगं, मागे एकदा लागलं नाही तर मी गप्प राहिलो होतो, तर तुझा श्वासच थांबला. म्हटलं, बाईचा रविवार कशाला नासवा. — मी पाय उचलून बघितला. तळवा स्वच्छ. मग बोटं एक एक करून फाकवली. करंगळीच्या बेचक्यात, जिथे दोरा टेकवायची जागाच नसते, तिथे जखम होती. काळी झाली होती. हाडापर्यंत. आता गुडघ्याखाली नाहीये तो पाय. थट्टा करतात ते अजून — तुझं काम निम्मं केलं म्हणतात. मी हसते. काय करणार.

— नाही, अजून संपलं नाही. कुणाला सांगितलेलं नाही मी हे, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. किती वाजले? अकराला दहा कमी. याच खोलीत, हेच मोठे डॉक्टर, तेव्हा नवीनच आले होते, तिथे उभे. म्हणाले, एवढं होईपर्यंत पाय तपासत कोण होतं? आणि माझ्या पिशवीत ती वही. दहापैकी दहा. माझ्या अक्षरात. तर हेच म्हणाले, पलंगावरून — कुणी नाही, डॉक्टर. ती बघते म्हणायची, मीच कधी बघू दिलं नाही. मग डॉक्टर त्यांना बोलले. फार बोलले. घरात एवढी शिकलेली बायको, आणि तुम्ही असे आडमुठे, वगैरे वगैरे. उद्या ज्याचा पाय जाणार त्या माणसाने माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या, आणि मी पडद्याची कड चोळत उभी राहिले. आणि घरी जाऊन ती वही जाळली. डॉक्टरांकडे अजून रोज सकाळी बघते मी, गुड मॉर्निंग म्हणते. सहा वर्षं!

सोडा. माझं जाऊ द्या. तुमचं बघू, पाच मिनिटं आहेत. नीट ऐका, भाऊ, हे कळलं नाही तर सगळं फुकट. डॉक्टरांच्या कागदावर आत्ता काय आहे? पेशंट महिनाभर घरी, बूट दिवसभर पायात, करंट बारा वेळा, आणि जखम जिथल्या तिथे. असा कागद वाचून शहाणा माणूस काय म्हणेल? म्हणेल, सगळं करून झालं, काढा. पण काहीच करून झालेलं नाही! तुमच्या जखमेला एक दिवस, एक पूर्ण दिवस तरी सुट्टी मिळाली आहे का? एक उपाय शिल्लक आहे. प्लास्टर. पायाला घट्ट बसणारं, गुडघ्याखालपर्यंत, जे तुम्हाला काढताच येणार नाही — वजन सगळ्या पायावर वाटून घेतं. दर आठवड्याला मी कापून बघणार, पुन्हा घालणार. अशा जखमा दीड-दोन महिन्यांत मिटलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. तुमची मिटेलच, असं लिहून नाही देत. पण मिटण्यासारखी आहे. नंतर दुकानात चाकांचं स्टूल घ्या, बसून फिरा गिऱ्हाईकाभोवती, मी दाखवीन कसं ते.

— मी सांगीन की! मला काय, मी आत्ता सांगीन, दुकान चालू होतं म्हणून. मग ते तुमच्याकडे बघतील. तुम्ही म्हणाल, नाही हो, बंदच होतं. मग? प्लास्टरच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याला ते प्लास्टर घालत नाहीत. दोघांना घालून पस्तावलेत. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. रागावतील, हो, चांगले रागावतील, तोंड सुटतं त्यांचं. पण रागावून झाल्यावर विचार करतील. आणि तुम्ही तो गोड 'हो' दिलात, घरीच होतो, बूट घातला, सगळं केलं — तर अजिबात रागावणार नाहीत. पाठीवर हात ठेवतील आणि सही करतील. तुमचा चांगुलपणाच तुमचा अंगठा कापणार आहे. कळतंय का मी काय म्हणतेय? 'हो' म्हणू नका! मान हलवा नुसती.

— ऐका. बुटांचा आवाज.

या, डॉक्टर. हो, मोजली. तेवीस. — हो, चोवीसवर होती, तेवीस झाली. नाही, पू नाही, नाडी चांगली आहे. — डॉक्टर, एक मिनिट. पेन ठेवा जरा खाली. यांना काहीतरी सांगायचं आहे तुम्हाला. — भाऊ. — भाऊ, सांगा ना. — तक्त्याकडे बघू नका, इकडे बघा, डॉक्टरांकडे. — नाही डॉक्टर, 'सगळं केलं' नाही, ते लिहू नका, थांबा. थांबा म्हणते ना!

बरं. मग आधी मी बोलते. डॉक्टर, सहा वर्षांपूर्वी इथेच उभं राहून तुम्ही विचारलं होतंत, माझ्या नवऱ्याचा पाय तपासत कोण होतं. आमच्या यांनी सांगितलं, कुणी नाही. ते खोटं होतं. मी तपासत होते. दोन वर्षं, दर रविवारी, चुकीच्या पद्धतीने, आणि दहापैकी दहा लिहीत होते. तुम्ही त्यांना बोललात तेव्हा मी इथे होते आणि गप्प बसले. तुम्हाला जे काय बोलायचं असेल ते मला बोला, उभं राहून ऐकते, नोकरीचं काय करायचं तेही तुम्ही ठरवा. पण नंतर. आधी यांचं ऐका.

झालं माझं. बोला, भाऊ. त्या पांढऱ्या केसापासून सुरू करा.